खंडेनवमीला पूजलेला फोन

फोन उचलायच्या आधी पदर सारखा करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मालकांचा फोन असला तर ती उभी राहायची. पलीकडे मालक पुण्यात गादीवर लोळत बोलत असतील, नसतील, त्यांना काय दिसणार होतं? पण आक्का उभ्या. एकदा मी म्हणालो, "आक्का, त्यांना दिसत नाही हो." त्या म्हणाल्या, "मला तर दिसून राह्यलं ना." मी चलनं लिहायला घेतली.

कौसल्याबाई तौर त्यांचं नाव, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या आक्का. जालन्याच्या एमआयडीसीत आमची बियाण्यांची कंपनी होती. तिथं त्या टेलिफोन ऑपरेटर आणि मी डिस्पॅचला. माझं टेबल त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे त्यांचा चेहरा कमी आणि अंबाडा जास्त पाहिला.

माहेर वडीगोद्रीचं. कंपनीत आल्या त्या ग्रेडिंगला, म्हणजे बियाणं चाळायच्या हॉलमध्ये. तिथली औषध लावलेल्या बियाण्याची गुलाबी धूळ नाकात, केसांत, डब्यातल्या भाजीतसुद्धा जायची. आक्कांना तिच्यामुळे दम लागायला लागला. एक दिवस चाळणीपाशीच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा थोरल्या मालकांनी त्यांना फोनपाशी बसवलं, चार दिवस बरं वाटेपर्यंत. ते चार दिवस मी नोकरीला लागलो तेव्हाही चालूच होते.

आवाज असा, की आक्का भोकरदनशी बोलायला लागल्या की वाटायचं, या बाईला तारेची गरज काय? समोरच्या लोखंडी सळयांच्या री-रोलिंग मिलमधले लोक आमच्या कंपनीच्या सगळ्या भानगडी जाणून होते. पण आवाज मोठा असला तरी त्यात राग नसे. आणि रागाचं म्हणाल तर आक्कांचा एक कायदा होता. रागावलेल्या माणसाचा फोन त्या पुढे जोडायच्या नाहीत.

म्हणजे असं की, भोकरदनचे दुकानदार गावंडे फोन करायचे. कपाशी उगवलेली नाही, शेतकरी दुकानात येऊन बसलेत, गावंडे पेटलेले. "साहेबाला द्या. आज मी सोडत न्हाई त्याला."

"देते की," आक्का म्हणायच्या. "भाकरी झाली का?"

"भाकरीचं काय घेऊन बसल्या, आक्का? साहेबाला द्या."

"म्हंजे न्हाई झाली. रिकाम्या पोटी भांडू नका भाऊ, पित्त होतं. बरं, तिकडं पाऊस कसा काय?"

मग पाऊस. पावसावरून पेरणी, पेरणीवरून गावंड्यांच्या धाकट्या पोरीची सोयरीक, सोयरिकीवरून मुलाकडच्यांचा आगाऊपणा. हे सगळं होईस्तोवर गावंड्यांचा राग मुलाकडच्यांवर गेलेला असायचा. मग आक्का साहेबांना लाईन द्यायच्या, आणि देताना सांगायच्या, "गावंडे भाऊ हायेत. कपाशीची उगवण कमी हाये, माणूस धाडा." तक्रार बुडायची नाही हो. फक्त तिची नखं काढलेली असायची.

आमचे मॅनेजर देऊळगावकर साहेब. त्यांचा प्रामाणिक समज होता की जालना जिल्ह्यातले दुकानदार म्हणजे देवमाणसं. पुण्याहून कोणी साहेब मीटिंगला आले की त्यांना सांगायचे, "आमच्याकडे कोणी आवाज चढवत नाही. डीलिंगवर असतं सगळं." आम्ही मागे बसून ऐकायचो आणि चहात बघायचो.

दुसरं म्हणजे आक्का खोटं बोलायच्या नाहीत. साहेबांना कोणाशी बोलायचं नसलं की ते आतून हात हलवायचे, मी नाही म्हणून सांगा. आक्का फोनवर तळहात ठेवून म्हणायच्या, "मंग बाहेर जा." साहेब बिचारे उठून, पायऱ्या उतरून, सायकलच्या शेडखाली जाऊन उभे राहायचे. ते शेडखाली पोचले की आक्का फोनमध्ये सांगायच्या, "साहेब बाहेर गेलेत हो." एकदा उन्हाळ्यात एक वाहतूकदार बराच वेळ बोलत राहिला आणि साहेब तेवढा वेळ उन्हात. आत आले ते पाणी मागत. पण आक्कांना "खोटं बोला" म्हणायची त्यांची टाप नव्हती.

अशा या ऑफिसात डबा आला. तोवर थोरल्या मालकांनी कारभार सोडला होता आणि धाकले मालक सगळं बघू लागले होते. त्यांनी पुण्याहून नवीन टेलिफोन यंत्र पाठवलं. भिंतीवर लोखंडी पट्टीवर बसवलेला पांढरा डबा, वरून हवेसाठी चिरा, समोर दिवे. बाहेरच्या लायनी त्यात येणार, त्यातून प्रत्येकाच्या टेबलाला जाणार. आणि खरी कमाल म्हणजे त्यात एक बाई बोलणार होती, रेकॉर्ड केलेली. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा. ती बाई पुढच्या महिन्यापासून बोलायला लागली की आमच्या बाईची गरज नव्हती. आक्कांनी परत ग्रेडिंगला जायचं असं ठरलं.

साहेबांनी हे त्यांना सांगितलं तेव्हा मी मागेच होतो. आक्का इतकंच म्हणाल्या, "तिथं मला दम लागतो साहेब." साहेब म्हणाले, "तोंडाला फडकं बांधायचं." आक्का वळून पुढचा फोन घ्यायला बसल्या. पण त्या दिवशी मी त्यांचा अंबाडा बघत बसलो आणि मला फार वाईट वाटलं. तिशीत चक्कर येऊन पडलेली बाई, आता पन्नाशीत तिथं किती दिवस टिकणार होती? हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा. चाळणी, मोटर, वजनकाटा, टेम्पो, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, तिला विश्रांती. डब्याची पूजा करायची की नाही यावर जरा चर्चा झाली. हिशेबाच्या लोकांचं म्हणणं, तो यंत्र नसून फर्निचर आहे. निकाल आक्कांनी दिला. "दिवा लागतो ना त्यात? मंग जिवंत हाये. माझी खुर्ची घेऊन राह्यलाय म्हून काय झालं, घरी आलेला पाहुणा हाये." आणि ज्या डब्यानं त्यांना उठवायचं होतं, त्याला त्यांनी पहिलं कुंकू लावलं.

मग सगळ्यांना चेव आला. विक्रीवाल्यांनी अक्षता टाकल्या, हिशेबवाल्यांनी त्याहून जास्त टाकल्या. डिस्पॅचनं मागे का राहावं? झेंडूच्या पाकळ्यांनी डबा दिसेना. तेवढ्यात खास पूजेसाठी धाकले मालक मोटारीनं आले. पुण्यात राहून आपण रीत विसरलो नाही हे त्यांना दाखवायचं असावं. त्यांनी डब्याखालच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी डब्यावर ओतायला घेतलं.

आक्का म्हणाल्या, "मालक, फुलानं शिंपडा. थेंबभर पुरतं."

"होऊ द्या भरपूर," मालक म्हणाले, आणि अभिषेक केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले, आक्कांनी कुलूप लावलं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर ऑफिस उघडलं. सकाळचा बराच वेळ कोणाला काही कळलंच नाही. टेबलाटेबलांवरचे फोन आपापसात व्यवस्थित वाजत होते. हिशेबवाला विक्रीवाल्याला फोन करून दसऱ्याच्या शुभेच्छा देत होता, तेही शेजारी बसून. साहेब म्हणाले, "आज शांतता आहे नाही?" आक्का म्हणाल्या, "लई शांतता हाये. मला हे बराबर दिसून न्हाई राह्यलं." त्यांनी बाहेरची लाईन मागितली तर कानात काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

आता डबा बसवणारा इंजिनिअर औरंगाबादला. त्याला बोलवायचं तर फोन करायचा, आणि फोन तर बंद. साहेब रस्ता ओलांडून समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. तिथून लागला. पण इंजिनिअर म्हणाला, यायला उद्या होईल, तोवर डब्यावरचे दिवे बघून सांगा. बूथचा फोन काही रस्ता ओलांडून येणार नव्हता. मग अशी सोय झाली: साहेब बूथमध्ये, मी आत खिडकीजवळ डब्यापाशी, आणि मधे, फाटकात, आक्का. इंजिनिअरचं साहेबांनी ऐकायचं, साहेबांचं आक्कांनी, आक्कांचं मी, आणि माझं उत्तर याच वाटेनं उलटं. एमआयडीसीच्या भर रस्त्यावर आमची लाईन सुरू झाली.

"दिवे कोणते लागलेत ते विचारा," साहेब बूथमधून ओरडले.

"बापू, दिव्यांचं काय हाये?" आक्का माझ्याकडे वळल्या.

"दोन हिरवे आहेत, एक बंद आहे, एक लाल लुकलुकतोय."

आक्का रस्त्याकडे वळल्या. "साहेब, दोघं बरे हायेत, एक निजलाय, अन् एक डोळे मिचकावून राह्यलाय."

साहेबांनी हे इंजिनिअरला काय शब्दांत सांगितलं देव जाणे. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. तोही आता रागानं लाल झाला होता. "त्या गाढवाला म्हणावं, डोळे उघडून नीट बघ, कोणता बंद आहे."

आक्का माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बापू, साहेब म्हणतेत, सवडीनं बघ. घाई बिलकुल न्हाई."

मी सवडीनं बघू लागलो. साहेब तिकडे बूथमध्ये नाचताहेत हे मला खिडकीतून दिसत होतं, पण कशासाठी ते तेव्हा कळत नव्हतं; साहेबांचे मूळ शब्द मिलवाल्यांनी मला मागाहून सांगितले. मग सळयांनी भरलेला एक ट्रक मधून गेला. त्या वेळी इंजिनिअरनं डबा बंद करून परत चालू करायला सांगितलं होतं. त्यातलं "बंद करा" एवढंच माझ्यापर्यंत आलं, बाकी ट्रकबरोबर गेलं. मी बंद केला. आतले फोनही मेले. आम्ही तिघं तीन ठिकाणी एकमेकांकडे बघत उभे. समोरच्या मिलचे कामगार भिंतीवर बसून बघत होते.

अखेर आक्कांनी स्वतःच सुरुवात केली. "साहेब, तो इंजिनिअर जेवला का इचारा."

साहेब इतके थकले होते की त्यांनी ते जसंच्या तसं विचारलं. तो जेवला नव्हता.

"मंग जेवून घे म्हणावं. आम्ही हाओतच हितं."

आणि तो माणूस खरोखर फोन खाली ठेवून जेवायला गेला. आक्कांनी फाटकातच बैठक मारली. साहेब बूथच्या स्टुलावर बसून राहिले. पण खोटं कशाला बोला, जेवून आल्यावर इंजिनिअरचा सूर बदलला. शांतपणे म्हणाला, डब्यात येणारी बाहेरची तार काढा, जुन्या साध्या फोनला लावा, काय होतं बघा. कपाटातून आक्कांचा जुना काळा फोन काढला, तार लावली, आणि त्यात घूंऽऽ आवाज आला. म्हणजे एक्स्चेंजची लाईन ठणठणीत होती. बिघाड आमच्याच डब्यात.

मी खिडकीतून ओरडलो, आक्का धावत आल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीवर बसल्या. पहिलाच फोन धाकल्या मालकांचा होता. आक्का उभ्या राहिल्या. साहेब तोवर रस्ता ओलांडून आलेले. त्यांनी फोन घेतला, डबा बिघडल्याचं सांगितलं, "हो सर, हो सर" केलं, खाली ठेवला आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "आक्का, पूजेनंतर कुलूप तुम्हीच लावलं ना?"

"मीच लावलं."

"नाही, मालक म्हणताहेत... इंजिनिअरला आत काही छेडछाड सापडली, तर मग ग्रेडिंगसुद्धा नाही. घरी."

ऑफिसात कोणी मान वर करेना. आक्का म्हणाल्या, "बराबर हाये. खुर्ची माझी जाऊन राह्यली, मंग संशय दुसऱ्या कोणावर येणार?" तेवढ्यात फोन वाजला. गावंडे होते. सकाळपासून फोन करताहेत, घंटा वाजते आणि कोणी उचलत नाही, कंपनी पळून गेली की काय असं भोकरदनच्या बाजारात बोललं जातंय. आक्कांनी त्यांना दसऱ्याचं विचारलं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज समोरच्या मिलपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला, धाकल्या मालकांच्या मोटारीतूनच. सगळं ऑफिस भोवती गोळा झालं. त्यानं स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत काय नव्हतं? झेंडूच्या पाकळ्या होत्या, मूठभर अक्षता होत्या, कुंकवाचा चिखल होता, एक पेढ्याचा तुकडा होता, तो कोणी नैवेद्य म्हणून चिरेतून आत सारला असावा. आणि या सगळ्यावर नारळाचं पाणी वाळून चिकट थर झालेला, त्यात मुंग्यांचा संसार. बाहेरच्या लायनी जिथं येतात नेमका तोच भाग भिजून गेला होता.

इंजिनिअरनं चिमटीनं एक पाकळी उचलली. मग म्हणाला, "पाकळ्या-तांदूळ ठीक आहे. पण हे पाणी कोणी ओतलं? बाहेरच्या लायनींचं कार्ड जळालं आहे यानं."

ज्यानं ओतलं तो त्याच्या शेजारीच उभा होता, आणि तो ज्या तऱ्हेनं छताकडे बघत होता त्यावरून त्याला आठवलं होतं हे उघड होतं. साहेबांनी आक्कांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी आक्कांकडे बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या, आणि तो शब्द खराही होता.

आक्का म्हणाल्या, "मालक, तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"मी? कशाला?"

"जाऊन तर या."

काय वाटलं कोणास ठाऊक, धाकले मालक गेले. पायऱ्या उतरून सायकलच्या शेडपाशी उभे राहिले. आक्कांनी खिडकीतून खात्री केली आणि इंजिनिअरला सांगितलं, "ज्यानं ओतलं तो माणूस सध्या हितं न्हाई."

इंजिनिअरनं खिडकीतून शेडकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं, आणि ब्रश काढून मुंग्या झाडायला लागला. खुर्चीत बसून साहेब तोंडाला रुमाल लावून खोकत होते. तो खोकला नव्हता.

तुम्हाला वाटेल, आता मालक विरघळले आणि आक्कांची खुर्ची वाचली. तसं काही झालं नाही. मालक आत आले, पाणी प्यायले, "चला, झालं एकदाचं" म्हणाले आणि पुण्याला गेले. छेडछाडीचा विषय संपला, बाकी ठरल्याप्रमाणे. महिना उलटला, डब्यातली बाई बोलायला लागली आणि आक्का तोंडाला फडकं बांधून ग्रेडिंगला गेल्या.

मला संताप आला होता. पण माझ्या संतापाला विचारतो कोण? माझा तर स्वतःचाच पाय निघाला होता, नाशिकला नोकरी लागली होती. तेवढ्यात जे झालं ते मात्र जाता जाता डोळ्यांनी पाहिलं.

हरभरा पेरणीचे दिवस. डब्यातली बाई सगळ्यांना थेट साहेबांशी जोडून द्यायची. न विचारता, न थांबवता, न जेवू घालता. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी जालना जिल्हा कच्चा ऐकला. पहिल्या फोनला ते "बोला, बोला" म्हणाले आणि मग त्यांनी फोन कानापासून लांब धरला. ऑफिसभर ऐकू येत होतं. वडीगोद्रीच्या दुकानदारानं त्यांच्या शिक्षणाबद्दल शंका काढली. दुसऱ्या एकानं त्यांना पोत्यात घालून आणायची भाषा केली. साहेब चार दिवसांत वाळले. फोन वाजला की दचकायचे आणि सवयीनं शेडकडे पळायचे, पण "बाहेर गेलेत" सांगायला आत कोणी नव्हतं. फोन वाजत राहायचा, साहेब उभे राहायचे.

मग गावंडे स्वतः बसनं आले. हातात हरभऱ्याची पिशवी, डोळे लाल. साहेब लगबगीनं उठले, "या, बसा." गावंडे म्हणाले, "तुमच्यापाशी बसायला न्हाई आलो. आक्का कुठं हायेत?"

ते सरळ ग्रेडिंगच्या हॉलमध्ये गेले. मी मागोमाग गेलो. त्या गुलाबी धुळीत पालथ्या घमेल्यावर बसून त्या माणसानं आक्कांना सगळं सांगितलं. हरभरा कसा उगवला नाही, शेतकरी काय काय बोलले, डब्यातली बाई कशी मधेच बोलते. आक्का चाळत चाळत ऐकत होत्या. मधे मधे खोकत होत्या, फडक्याआडून, थांबून थांबून. बाहेर आले तेव्हा गावंडे शांत होते. साहेबांना म्हणाले, "माणूस धाडा. अन् आमच्या आक्का मरून जातील तिथं, सांगून ठेवतो." एवढं बोलून बस पकडायला गेले.

त्याच दुपारी देऊळगावकर साहेब ग्रेडिंगच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आक्का, चला. तुमच्या जागेवर या."

आक्कांनी चाळणी थांबवली. सोबतच्या बायाही थांबल्या. मला वाटलं, आता फडकं सोडतील आणि निघतील. त्या म्हणाल्या, "येते की. आधी हितं धूळ ओढणारा पंखा बसवा."

"तुम्हाला आता इथं बसायचंच नाही, पंखा कशाला?"

"मला न्हाई. ह्या बसून राह्यल्या ना." आक्कांनी बायांकडे हात केला. "फोनवर बसले तेव्हा मी एकटीच उठून गेल्ते, साहेब. इतके वर्ष ह्यांचा खोकला माझ्या ध्यानात न्हाई आला. ऐकायचंच काम होतं माझं, अन् हेच न्हाई ऐकलं."

"मालकांना विचारावं लागेल."

"इचारा. आता तर थेट लागतो फोन." आणि चाळणी परत सुरू झाली.

साहेब तिन्हीकडून भाजून निघत होते. मालक पंख्याला हो म्हणेनात, आक्का उठेनात, दुकानदार थांबेनात. अखेर साहेबांनी काय केलं? वडीगोद्रीच्या त्या दुकानदाराचा फोन आला, तो त्यांनी मुकाट्यानं पुण्याला जोडून दिला, धाकल्या मालकांना. डब्यात तशी सोय होती. त्यानंतर भोकरदनचे जोडले. मग परतूरचे, घनसावंगीचे, जे येतील ते. पुण्याहून पंख्याला परवानगी लगोलग आली.

ज्या दिवशी पंखा बसला तो माझा नोकरीचा शेवटचा दिवस होता. पिशवी खांद्याला लावून मी निरोप घ्यायला हॉलमध्ये गेलो. भिंतीत वर मोठं भोक पाडून पंखा लावला होता आणि तो नुकताच सुरू झाला होता. गुलाबी धूळ वर जात होती, बाया माना वर करून बघत होत्या. आक्का बरोबर त्याच्याखाली उभ्या होत्या, तोंडावरचं फडकं सोडलेलं, पदर उडत होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.

ऑफिसात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. पुन्हा वाजला. साहेबांचा आवाज आला, "आक्काऽऽ, फोन." मी म्हणालो, "आक्का, मालकांचा असेल."

"वाजू दे," आक्का म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.